मुळशीतला पावणेचार मीटरचा रस्ता

पुण्याच्या पश्चिमेचा नकाशा उघडला, तर मुळशी तालुक्यात आधी पाण्याच्या रेषा पाहाव्यात आणि मग रस्ते. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून डोंगरांच्या सोंडा पूर्वेकडे उतरत जातात आणि दर दोन सोंडांच्या बेचक्यात एक नदी असते. उत्तरेला मावळ तालुक्यातली पवना, तिच्याखाली कोळवणचे खोरे, मग मुळा, मग मुठा आणि आणखी दक्षिणेला मोसे. पौडखोरे, मुठेखोरे, मोसेखोरे ही जुनी नावे याच रचनेतून आली. रस्तेही याच रचनेने चालतात. काही नदीच्या सोबतीने खोऱ्यात शिरतात आणि भाताच्या खाचरांमधून लांबवर जवळजवळ सपाट जातात. काही एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उतरण्यासाठी सोंड ओलांडतात, त्यांना खिंड गाठावी लागते. सायकलवर लांबचा पल्ला मारणाऱ्याला नेमके हेच मिश्रण हवे असते. तासभर सपाटी, अर्धा तास चढ, मग झपाट्याने उतार आणि समोर नवे खोरे. युरोपातले सायकलस्वार यासाठी स्पेनच्या डोंगराळ खेड्यांकडे विमानाने जातात. कोथरूड-बावधनच्या माणसाला ते घरातून सायकल बाहेर काढून चांदणी चौक ओलांडला की मिळू लागते.

ही संपत्ती कशाची बनलेली आहे, हे मात्र नीट तपासायला हवे. विचारले तर बहुतेक जण धबधबे, जलाशय, तिकोना-घनगडसारखे किल्ले आणि पावसातली हिरवळ यांची नावे घेतील. त्या गोष्टी आहेतच. पण तेवढाच निसर्ग ताम्हिणी घाटातल्या मुख्य रस्त्यावरही आहे, आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथे सायकल चालवणे हा आनंदाचा प्रकार उरलेला नाही. निसर्ग तोच आणि अनुभव उलटा, तर फरक रस्त्यातच शोधावा लागेल. माझे म्हणणे असे की मुळशीतला सायकलीचा खरा ठेवा तिथल्या अरुंद ग्रामीण रस्त्यांत आहे, आणि तो टिकवायचा असेल तर हे रस्ते रुंद न करता पक्के आणि संथ ठेवले पाहिजेत. सायकलस्वारांच्या नावाने मागितले जाणारे रुंदीकरणसुद्धा शेवटी सायकलस्वारालाच रस्त्याबाहेर ढकलते. ऐकायला हे उलटे वाटेल, म्हणून थोडे गणित करून पाहू.

चढ किती तीव्र आहे हे टक्क्यांत सांगतात. १०० मीटर अंतरात ६ मीटर उंची वाढली तर चढ ६ टक्के. सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि माणूस मिळून ८५ किलो वजन धरले, तर अशा चढावर गुरुत्वाकर्षण सुमारे ५० न्यूटन जोराने मागे ओढते आणि टायरच्या घर्षणाचे चारेक न्यूटन त्यात मिळतात. नियमित सराव असलेला साधा माणूस तासभर टिकवून साधारण १५० वॅट शक्ती पायांतून देऊ शकतो. भागाकार केला की वेग निघतो सेकंदाला पावणेतीन मीटर, म्हणजे ताशी १० किलोमीटर. तोच माणूस तेवढ्याच शक्तीत सपाटीवर ताशी २५ ने सहज जातो आणि उतारावर काही न करता ४० गाठतो. घाटात तो धावणाऱ्या माणसाच्या वेगाने चाललेला असतो, धाप लागलेली असते, आणि कमी वेगामुळे सायकल डावी-उजवीकडे थोडी डुलतेच. डोंगरातला सायकलस्वार हा रस्त्यावरचा सर्वांत मंद आणि सर्वांत अस्थिर प्रवासी असतो.

आता याच रस्त्यावर मागून तासाला ३०० गाड्या येत आहेत आणि त्या ताशी ६० च्या वेगाने जात आहेत असे समजा. सपाटीवर ताशी २५ ने जाणाऱ्या सायकलस्वाराला दर किलोमीटरला ७ गाड्या मागे टाकून जातील. चढावर ताशी १० ने जाणाऱ्याला दर किलोमीटरला २५. रस्ता तोच, गर्दी तीच, पण चढ आला की अंगाजवळून जाणाऱ्या गाड्या साडेतीन पटींनी वाढल्या. आता गाड्यांचा वेग निम्मा, म्हणजे ताशी ३० केला तर काय होते? सपाटीवर ७ चा आकडा २ वर येतो आणि उतारावर तर गाडी सायकलला गाठतच नाही. चढावर मात्र २५ चे २० होतात, एवढाच फरक. उलट वेग तोच ठेवून गाड्याच तासाला ३० केल्या, तर चढावरचा आकडा थेट अडीचवर उतरतो. सपाट खोऱ्यात सायकलस्वाराला सर्वाधिक वाचवतो तो गाड्यांचा कमी वेग, आणि खिंडीच्या चढावर गाड्यांची कमी संख्या. डोंगरी मार्गाला दोन्ही लागतात. शांतता ही इथे मनाच्या हौसेची बाब राहत नाही, तिच्यावर माणूस सुखरूप घरी येणे अवलंबून असते. वेगाचा आणखी एक हिशोब आहेच. ताशी ६० ने येणाऱ्या गाडीच्या अंगात ताशी ३० च्या गाडीपेक्षा चौपट ऊर्जा असते, आणि धडक बसली तर त्या ऊर्जेचा काही वाटा सायकलस्वाराच्या शरीरात जातो.

मग रुंदीचे काय? आपल्याकडे एकेरी ग्रामीण रस्त्याचे डांबर साधारण ३.७५ मीटर रुंद असते, म्हणजे पावणेचार मीटर. त्याच्या वरची पायरी साडेपाच मीटरची आणि दुपदरी रस्ता ७ मीटरचा. साधी मोटार १.८ मीटर रुंद, आणि डुलण्यासह सायकलला पाऊण मीटर लागते. पावणेचार मीटरच्या रस्त्यावर मोटारवाल्याला सायकल ओलांडायची असेल, तर समोरून काही येत नाही हे पाहावेच लागते, वेग कमी करावा लागतो आणि उजवी चाके साइडपट्टीवर घालावी लागतात. रस्ताच त्याला सबुरी शिकवतो. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर त्याला वाटते, समोरून गाडी येत असली तरी आपण निघून जाऊ. दोन मोटारी आणि एक सायकल मिळून ४.३५ मीटर होतात. उरले १.१५ मीटर, आणि त्यात डावी कड, सायकल आणि गाडीमधले अंतर, दोन गाड्यांमधले अंतर आणि उजवी कड अशा चार फटी बसवायच्या. सायकलस्वाराच्या कोपरापासून गाडीचा आरसा वीतभर अंतरावरून जातो तो असा. सात मीटरवर जागा पुरते, पण तोवर वेग वाढलेला असतो आणि रुंद रस्ता पाहून नवी वाहतूकही आलेली असते. या तिन्हींत सायकलला सर्वांत घातक कोणता, तर मधला. आणि दुर्दैवाने ग्रामीण रस्त्याचे रुंदीकरण बहुधा याच पायरीवर येऊन थांबते.

मुळशीत रुंद आणि अरुंद असे दोन्ही प्रकारचे रस्ते शेजारी शेजारी पाहायला मिळतात. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड, माले, मुळशी, ताम्हिणी आणि तिथून कोकणात माणगावकडे उतरणारा रस्ता आता ७५३ एफ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. दिघी बंदराकडे जाणारी वाहतूक, पिरंगुटच्या कारखान्यांचे ट्रक, खडी आणि क्रश सँड वाहणारे डंपर आणि शनिवार-रविवारची मोटारींची रांग हे सगळे याच एका पट्ट्यावर आहे. तो महामार्ग असावा आणि चांगला असावा, यात वाद नाही. पण सायकलीच्या दृष्टीने त्याचा उपयोग एका खोऱ्याच्या तोंडापासून दुसऱ्या खोऱ्याच्या तोंडापर्यंत जाण्यापुरता, तोही पहाटेचा. खरी वाट फाट्यावरून आत वळल्यावर सुरू होते. पौडहून कोळवणकडे वळले की खोरे हळूहळू आवळत जाते, हाडशीनंतर चढ येतो आणि पलीकडे तिकोना पेठ आणि पवनेचा जलाशय. पिरंगुटहून उरवडे आणि मुठा गावावरून टेमघर धरणाच्या पायथ्याला जावे, तर पुढे लवासाचा घाट उभा राहतो. खडकवासल्याच्या बॅकवॉटरकडेने मांडवी, बहुली करत मुठा खिंड चढली, तर तोच मुठेखोऱ्याचा रस्ता वरून खाली भेटतो आणि पुण्याला परतीचे एक सुंदर वर्तुळ पूर्ण होते. आणखी आत, सह्याद्रीच्या धारेला लागून भांबर्डे, तैलबैला, एकोले ही गावे आहेत. तिकडे रस्ता कमी आणि वळणे जास्त, वस्ती विरळ, आणि पाण्याची सोय स्वतःच करून निघावे लागते.

यातल्या लवासाच्या रस्त्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण तो माझ्या म्हणण्याला छेद देतो असे वाटू शकते. तो रुंद आहे, गुळगुळीत आहे, आणि तरीही पुण्याच्या सायकलस्वारांचा वर्षानुवर्षे आवडता आहे. मग रुंदी वाईट कशी? याचे उत्तर त्या रस्त्याच्या टोकाला आहे. ज्या खासगी शहरासाठी तो बांधला, ते शहर अपुरे राहिले. २०१८ मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. हजारो घरांची रोजची ये-जा गृहीत धरून आखलेल्या रस्त्यावर ती ये-जा आलीच नाही. आज तिथे आठवड्याच्या मधल्या दिवशी जी शांतता मिळते ती एका फसलेल्या योजनेची उधारी आहे. शहर भरले की ती संपेल, आणि त्या दिवशी रुंदी सायकलच्या बाजूने उभी राहणार नाही.

स्पेनचे उदाहरण इथेच उपयोगी पडते, आणि इथेच सावधही करते. तेरुएल, सोरिया या स्पेनच्या आतल्या डोंगरी प्रांतांत मैलोन्‌मैल गाडी दिसत नाही, गुळगुळीत डांबर असते, आणि जगभरचे सायकलस्वार त्याची वाखाणणी करतात. पण ती शांतता कशातून आली? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली माणसे माद्रिद, बार्सिलोना, व्हॅलेन्सियाकडे निघून गेली. तेरुएल प्रांतात आज दर चौरस किलोमीटरला जेमतेम नऊ माणसे राहतात. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ती संख्या ६०३ आहे. आम्हीही अस्तित्वात आहोत, हे सरकारला सांगण्यासाठी तेरुएलच्या लोकांना चळवळ उभारावी लागली. शाळा बंद, दवाखाना दूर, रेल्वे गेलेली, अशा मुलखातला निवांत रस्ता पाहुण्याला सुंदर वाटतो, पण त्याची किंमत गावाने मोजलेली असते. ती शांतता मुळशीसाठी मागणे अन्यायाचे होईल. मुळशीतले अरुंद रस्ते मोलाचे आहेत ते याच कारणाने. तिथे गाव आहे, शेत कसले जाते, शाळा भरते, एसटी येते आणि तरीही रस्ता संथ आहे. वस्तीसोबत नांदणारी शांतता दुर्मीळ असते. स्पेनकडून घ्यायची ती त्यांची व्यवस्था. तिथे सायकल ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावेच लागते, आणि त्यासाठी रस्त्यावरची अखंड पांढरी रेषा ओलांडायलाही कायद्याने मुभा आहे. १९९३ पासून त्यांनी बंद पडलेले लोहमार्ग सायकल आणि पायी चालण्यासाठी खुले करायला घेतले आणि आज असे तीन हजार किलोमीटरहून जास्त मार्ग झाले आहेत. आपल्याकडे डोंगरात टाकून दिलेले लोहमार्ग नाहीत, पण कमी वाहतुकीचे ग्रामीण रस्ते आहेत. नवे काही बांधायचे नाही, असलेल्याची दखल घ्यायची, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते.

सर्वांत गंभीर आक्षेप गावाकडून येईल, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. शहरातल्या माणसाला रविवारी अरुंद रस्ता गोड वाटतो, पण आम्हाला रात्री बाळंतिणीला पौडला न्यायचे असते, दूध वेळेवर पोचवायचे असते, तांदळाचा टेंपो बाहेर काढायचा असतो. आम्ही मागासच राहायचे का? या प्रश्नातली प्रत्येक गरज खरी आहे. पण प्रत्येक गरजेला रुंदी हेच उत्तर आहे का, ते पाहायला हवे. रुग्णवाहिकेचा वेळ खड्ड्यांत जातो, खचलेल्या मोरीपाशी जातो आणि सुटीच्या दिवशी बाहेरच्या गाड्यांच्या कोंडीत जातो. रस्ता मजबूत असेल, पावसाळ्यानंतर महिन्याभरात दुरुस्त होत असेल आणि दर दोनशे-तीनशे मीटरवर समोरची बस किंवा टेंपो थांबेल एवढी रुंद जागा केलेली असेल, तर पावणेचार मीटरवरून गावाची सगळी ये-जा सुरळीत होते. रुंदीकरणाची किंमत मात्र गावच भरतो. पावणेचार मीटरचे डांबर सात मीटर करायचे, तर दर किलोमीटरला सव्वातीन हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२ गुंठे जमीन नुसत्या डांबराखाली जाते. गटार आणि साइडपट्टी वेगळी. पंधरा किलोमीटरच्या खोऱ्यात हे १२ एकर झाले. आणि खोऱ्यात रस्त्याला लागून असते ती बहुधा खाचराचीच जमीन, इंद्रायणी आणि आंबेमोहोर पिकवणारी. डोंगराच्या बाजूने घ्यायची म्हटली, तर उतार कापावा लागतो.

त्या उताराबद्दलही बोलले पाहिजे. पुणे शहरात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पडला. अशा पाण्यात कापलेला डोंगर स्थिर राहत नाही. मातीचा थर खालच्या काळ्या कातळावरून सुटतो आणि दरड रस्त्यावर येते. म्हणून सायकलसाठी वेगळा मार्ग बांधा, ही सूचनाही घाटात टिकत नाही. शहरात वेगळा मार्ग हवाच, त्याच्या बाजूने जितके बोलावे तितके थोडे. पण मुळशीच्या खिंडींत मुख्य रस्त्याला समांतर दुसरा पट्टा काढणे म्हणजे दुप्पट डोंगर कापणे. शिवाय त्याची गरजच नाही. तासाला तीसेक गाड्या आणि त्याही सावकाश जाणाऱ्या असल्या, तर तो अख्खा रस्ताच सायकलचा असतो, आणि मुलांचा, गुरांचा, पायी दिंडीचाही.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी काळजी मूठभर हौशी लोकांसाठी आहे. महागड्या सायकली, डोक्यावर हेल्मेट, रविवारी सकाळी आले आणि दुपारी गेले. त्यांच्यासाठी तालुक्याने आपला रस्ता का बेतावा? मुळशीला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे. १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो आपल्या जमिनी दूरच्या शहराच्या विजेसाठी बुडू नयेत म्हणून. तीन वर्षे लढूनही धरण झाले. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचे पाणी पश्चिमेला वळवून कोकणात भिऱ्याला उतरवले गेले आणि १९२७ पासून त्यावर वीज होऊ लागली. आज जलाशयाच्या कडेने वळणे घेत जाणारा, छायाचित्रांत इतका देखणा दिसणारा रस्ता तसा आहे, कारण त्याच्याखालचे मूळ खोरे पाण्यात गेले. शहराच्या हौसेपायी इथे पुन्हा काही लादले जाऊ नये, हे सायकलस्वारांनी सर्वांत आधी समजून घ्यायला हवे. पण लादले काय जात आहे ते पाहिले, तर सायकल त्या यादीत शेवटची ठरते. रस्ता रुंद होणार अशी नुसती कुणकुण लागली, की खोऱ्यात प्लॉटिंगच्या पाट्या उभ्या राहतात, सातबाऱ्यावरची नावे बदलू लागतात. जमीन विकून हाती आलेला पैसा संपल्यावर पोरांचे काय होते, यावर २०१८ मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आला आणि गावोगावी लोकांना तो आपला वाटला. संथ रस्ता जमिनीचा भाव आकाशाला नेत नाही, हा त्याचा दोष नसून गुण आहे.

संथ रस्त्याचा रोजचा धनी तर गावातलाच असतो. वाडीतून मोठ्या गावातल्या शाळेला चालत किंवा सायकलने जाणारी मुले, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया, म्हशी परत आणणारा गुराखी यांना ताशी ३० चा रस्ता जेवढा हवा आहे, तेवढा रविवारच्या पाहुण्याला नाही. पाहुण्याचा फायदा गावाला व्हायचा तर तोही याच वेगाने होतो. मोटारीतून आलेला माणूस जेवणखाण सोबत आणतो किंवा थेट रिसॉर्टमध्ये शिरतो. सायकलस्वाराला दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबावेच लागते. पाणी, चहा, पोहे, भजी, केळी, आणि पंक्चर निघाले तर सावली. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात. त्या दिवसभरात तो माणूस चार-पाच वेळा रस्त्याकडेच्या टपरीवरच खातो. रक्कम लहान असेल, पण ती घरच्या चुलीपर्यंत जाते आणि त्यासाठी कुणाला जमीन विकावी लागत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या पुणे ग्रँड टूरमुळे एक नवा युक्तिवाद पुढे आला आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ दर्जाची ही टप्प्याटप्प्यांची शर्यत एकूण ४३७ किलोमीटरची होती आणि मुळशी-मावळचा डोंगर तिच्या मार्गात होता. तिच्यासाठी रस्त्यांवर नवे डांबर पडले, आणि मुळशीच्या वळणांवरून जगभरचे व्यावसायिक स्वार गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. गावातल्या एखाद्या मुलाने त्या दिवशी सायकलपटू व्हायचे ठरवले असेल, तर तेवढ्यासाठीही ती शर्यत व्हायला हवी होती. पण यावरून ‘रस्ते रुंद आणि गुळगुळीत केले की सायकल वाढते’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. शर्यत होते तेव्हा रस्ता बंद असतो. एकही मोटार नसते. स्वारांना सुख मिळते ते डांबराने आणि त्या बंदीने मिळून. शर्यत संपली, अडथळे हटले की डांबर मागे उरते आणि बंदी जाते, आणि नव्या गुळगुळीत डांबरावर पहिला वेग वाढतो तो मोटारींचा. शर्यतीचे काम पुरे करायचे असेल, तर त्या बंद रस्त्याचा थोडा अंश वर्षभर शिल्लक राहील अशी तजवीज करावी लागेल.

ती अवघड नाही. उत्तर स्पेनमध्ये कोव्हादोंगाच्या तळ्यांकडे जाणारा घाट त्यांच्या राष्ट्रीय शर्यतीमुळे जगप्रसिद्ध आहे. तिथे गर्दीच्या दिवसांत खासगी मोटारींना वर सोडत नाहीत. माणसे पायथ्याला गाडी लावतात आणि बसने जातात. पुण्याच्या प्रशासनाला असे निर्णय अपरिचित नाहीत. जून २०२४ अखेरीस भुशी धरणामागे माणसे वाहून गेल्यावर जिल्ह्यातल्या पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंध आले होते. पण ते अपघातानंतरचे आणि सरसकट होते. पावसाळ्याच्या सुटीच्या दिवशी सकाळचे काही तास आतल्या खोऱ्यांत बाहेरच्या मोटारी न सोडता पौड किंवा पिरंगुटहून बस चालवणे, आणि गावच्या गाड्यांना पूर्ण मोकळीक ठेवणे, हा जास्त विचारी मार्ग आहे. अवजड वाहतुकीचा प्रश्नही बदलणार आहे. नियोजित वर्तुळाकार महामार्ग तालुक्याच्या पूर्व भागातून जातो. तो झाला की डंपरना ग्रामीण रस्त्यावरून आडवाट काढण्याचे कारण उरणार नाही, आणि त्या वेळी हे रस्ते अवजड वाहनांना बंद करण्याचा निर्णय आधीच तयार असायला हवा. पाट्यांसाठी बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांताची पद्धत घेण्यासारखी आहे. १९९५ पासून तिथे ग्रामीण रस्त्यांच्या प्रत्येक मिलनबिंदूला एक क्रमांक दिला आहे. प्रवासी चार-पाच क्रमांक कागदावर लिहून निघतो आणि पाट्या पाहत फिरून येतो. मुळशीत फाटे आणि खिंडी मिळून असे काही डझन क्रमांक पुरतील. त्यामुळे सगळी गर्दी दोन-तीन प्रसिद्ध वाटांवर लोटण्याऐवजी पांगेल.

खर्चाचा मोठा भाग मात्र पाट्यांवर न होता डांबराच्या कडेवर व्हायला हवा. मुळशीच्या पावसात रस्ता आधी कडेने मरतो. गटार तुंबते, पाणी डांबरावरून वाहते, साइडपट्टीची माती धुऊन जाते आणि डांबराची कड हातभर उंच उघडी पडते. गाडीला वाट देण्यासाठी डावीकडे सरकलेल्या सायकलचे पुढचे चाक त्या कडेवरून घसरले, की स्वार उजवीकडे, म्हणजे गाडीच्या बाजूला पडतो. वळणावर पसरलेली बारीक खडी हा दुसरा धोका, उतारावर तो जीवघेणा. मे महिन्यात गटारे उपसणे, ऑक्टोबरात साइडपट्टी भरणे आणि वळणे झाडून घेणे ही स्वस्त कामे आहेत, गावातल्या माणसांना मजुरी देणारी आहेत आणि रुग्णवाहिकेलाही तेवढीच उपयोगी आहेत. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. तिच्या वार्षिक मागणीत या कामांना रुंदीकरणाच्या आधीची जागा मिळाली, तर निम्मे काम तिथेच होते.

सुरुवात कोळवणच्या खोऱ्यातून करता येईल. पौडपासून हाडशीपर्यंतचा रस्ता एका टोकाला तालुक्याच्या गावाला जोडलेला आहे, दुसऱ्या टोकाला खिंड आहे, आणि मधे शाळा, शेती, देवस्थाने, सगळे आहे. तिथे एका रविवारी आणि एका मंगळवारी, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या मोजाव्यात. गावच्या किती, बाहेरच्या किती, अवजड किती, वेग किती, सायकली किती आणि पायी माणसे किती, हे वेगवेगळे लिहावे. महाविद्यालयातली मुले हे काम दोन दिवसांत करतील. ते आकडे आणि रुंदीकरणात जाणाऱ्या गुंठ्यांचा हिशोब एकत्र ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि रस्ता किती रुंद हवा हे तिथल्या लोकांना ठरवू द्यावे.